दुनळी रायफल: दर्जा, किंमत आणि भरवसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दार-ए-सलामला एका सफारी कंपनीत मी नऊ वर्षं हिशेबनीस होतो. शिकारी मी नव्हे. पण जुलैपासून डिसेंबरपर्यंत जे पाहुणे यायचे, त्यांच्या प्रत्येक रायफलीचा नंबर, कॅलिबर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप, बहुधा इंचांत), काडतुसांचा आकडा आणि विम्यासाठीची किंमत माझ्याच वहीत चढायची. त्यामुळे दुनळ्यांबद्दल थोडं कळतं, आणि त्यांच्या किमतींबद्दल जरा जास्त. साताऱ्याला परतल्यापासून प्रश्न येत राहतात. काही टेक्सास आणि जोहान्सबर्गच्या मराठी मंडळींचे, तर काही वाड्यातल्या कपाटात जुनी पेटी सापडलेल्यांचे. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो.

१. दुनळी रायफल म्हणजे गावाकडच्या बारा बोअरच्या दुनळीसारखीच ना?

दिसायला तशीच. मधोमध मोडते, दोन काडतुसं बसतात, दोन चाप असतात. फरक नळीच्या आत आहे. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते आणि छरे उडवते. रायफलीच्या नळीत पीळ (आतून कोरलेले वळसे) असतो आणि ती एकच जड गोळी फेकते. .४७० कॅलिबरची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण ६५५ मीटर वेगाने निघते. तिच्या मागचा दाब बारा बोअरपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून नळ्या जाड आणि वजन पाच किलोच्या आसपास.

मुळात ही एका दस्त्यावर बसवलेली दोन स्वतंत्र हत्यारं आहेत. दोन नळ्या, दोन लॉक (बार उडवणारी यंत्रणा), दोन चाप. एक बिघडलं तरी दुसरं चालतं.

२. दोन नळ्या तर आहेत. मग एवढी किंमत कशाची?

पैसे नळ्यांचे नसतात, त्या दोघींच्या एकमताचे असतात. हे एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

दोन नळ्या समांतर झाळून टाकल्या, तर उजवीची गोळी उजवीकडे जाईल आणि डावीची डावीकडे. कारण उजवी नळी उडते तेव्हा धक्का रायफलीच्या मध्यरेषेवर बसत नाही, तिच्या उजव्या अंगाला बसतो. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंतच तोंड वर आणि उजवीकडे सरकलेलं असतं. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडं मुद्दाम एकमेकींकडे कलती ठेवतो. दोन्हींच्या रेषा कागदावर वाढवल्या तर काही पावलांवरच एकमेकींना छेदतील. पण धक्क्याने तोंड बाहेर फेकलं जातं आणि दोन्ही गोळ्या ५० ते १०० यार्डांवर एकाच ठिकाणी लागतात. या जुळवणीला रेग्युलेशन म्हणतात.

ती गणिताने होत नाही. कारागीर तोंडाशी दोन नळ्यांमध्ये छोटी पाचर ठेवतो, दोन बार काढतो, कागद बघतो. मग तोंड तापवून झाळ मऊ करतो, पाचर केसभर हलवतो, नळ्या गार होऊ देतो आणि पुन्हा दोन बार काढतो. कधी सहा फेऱ्यांत जमतं, कधी वीस फेऱ्या लागतात. .४७० चं प्रत्येक काडतूस दहा डॉलरच्या वर, आणि बार काढणारा माणूसही ते धक्के खांद्यावर झेलणारा, पगारी आणि अनुभवी. किंमत इथून चढते.

म्हणूनच दुनळी घेताना पहिली गोष्ट मागायची ती कागदाची. कारखान्याने कोणत्या काडतुसाने, किती अंतरावर जुळवणी केली आणि भोकं कुठे पडली, हे दाखवणारा नेमाचा कागद. तो देता येत नसेल, तर नक्षीकामाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

३. कोणत्या बनावटीची केवढ्याला पडते, ढोबळ सांगा.

आकडे परदेशातल्या बाजाराचे आहेत, आणि ढोबळच.

सर्वांत खाली इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपियाच्या खोऱ्यातल्या यंत्रावर बनलेल्या रायफली, पाच-सहा हजार डॉलरपासून. त्यांच्या वर फ्रान्स: शापुई आणि सेंत-एतियेनची व्हर्नी-कारों. मग जर्मनी. झूलची मर्केल, उल्मची क्रीगहॉफ, थुरिंगियातल्या ग्लाइशामबेर्गची हायम. फ्रान्स-जर्मनीचा हा पट्टा साधारण दहा ते तीस हजार डॉलरचा. ऑस्ट्रियातल्या फेर्लाख गावात पिढ्यान्‌पिढ्या हाताने बंदुका घडवणारी घराणी आहेत. तिथे ऑर्डर देऊन करून घेतली की दर ठरतो तुमच्या हौसेवर.

शिखरावर इंग्लंड. लंडनची हॉलंड अँड हॉलंड (१८३५), पर्डी (१८१४), मूळची डब्लिनची रिग्बी (१७७५), बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स (१८१२). यांची नवी साइडलॉक (हा प्रकार ५ मध्ये) दुनळी एक लाख पौंडांच्या पुढे जाते आणि हातात पडायला वर्षं लागतात. माझ्या वहीत विम्याचा असा आकडा पहिल्यांदा आला, तेव्हा एक शून्य जास्त पडलं असेल म्हणून मी पाहुण्यालाच विचारायला गेलो होतो. तो हसला, मी नाही.

४. महाग रायफल कमी बिघडते का?

एका मर्यादेपर्यंत, हो. सर्वांत स्वस्त आणि मधल्या पट्ट्यात खरा फरक आहे, आणि तो जुळवणीत आणि चापात दिसतो. स्वस्त मालात कधी कधी पाचर हलवण्याचे कष्ट वाचवून नळीचं तोंडच एका बाजूने कानसून गोळी वळवलेली असते. कागदावर भोकं जवळ दिसतात, पण तोंडाची कड वाकडी झाल्याने वेगळं काडतूस घातलं की गोळी कुठेही जाते. भिंगाने तोंड बघा. कड चहूबाजूंनी सारखी हवी.

मधल्या पट्ट्याच्या पुढे मात्र पैसा भरवशासाठी जात नाही. तो अक्रोडाच्या लाकडाला, नक्षीला, हाताच्या कामाला आणि नावाला जातो. त्यात गैर काहीच नाही, पैठणीही कोणी फक्त अंग झाकायला घेत नाही. पण 'एवढी महाग आहे म्हणजे दगा देणार नाही' हा हिशेब चुकतो. एका हंगामात लंडनच्या एका नामांकित घराची रायफल (नाव सांगत नाही) किनाऱ्यावरच्या दमट हवेत महिनाभर पडून राहिली. लाकूड फुगलं आणि एक चाप अडकू लागला. तिच्या शेजारी त्याच खोलीत ठेवलेली साधी जर्मन बॉक्सलॉक बिनतक्रार चालली. दोष लाकूड नीट न मुरवण्याचा होता, आणि तो कोणत्याही किमतीत होऊ शकतो.

५. बॉक्सलॉक की साइडलॉक?

बॉक्सलॉकमध्ये सगळी यंत्रणा मधल्या लोखंडी पेटीत असते. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली या दोघांनी काढलेली ही रचना. भाग कमी, दुरुस्ती सोपी, किंमत कमी. साइडलॉकमध्ये यंत्रणा दोन बाजूंच्या पट्ट्यांवर बसते. चाप हलका आणि स्वच्छ करता येतो, आणि धक्क्याने घोडा (काडतुसाच्या मागे आपटणारा हातोडा) निसटला तर त्याला अडवणारा जादा खटका बसवायला जागा मिळते. पण तिच्यासाठी दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे हाताची पकड असते तिथे, लाकूड कोरावं लागतं, आणि मोठ्या कॅलिबरला दस्ता नेमका तिथेच तडकतो.

तिसरी जात ड्रॉपलॉकची. वेस्टली रिचर्ड्सने १८९७ मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेत खालचं झाकण उघडून दोन्ही लॉक बोटांनी, हत्याराशिवाय काढता येतात. जोडीला जादा लॉकचा संच असला की रानात कमान तुटली तरी दोन मिनिटांत काम चालू. गावापासून दोनशे किलोमीटरवर तळ असेल तर माझ्या मते ही सोय सोन्याच्या नक्षीपेक्षा मोलाची. बाकी कामापुरतं बघाल तर चांगली बॉक्सलॉक पुरते.

६. त्याच पैशात उत्तम बोल्ट रायफल (दर बारानंतर हाताने दांडा ओढून भरायची एकनळी) आणि वर सफारीचा खर्चही निघतो. मग दुनळी का?

अगदी बरोबर. बहुतेकांना मी बोल्टच सांगतो. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम (१९१२) किंवा .४१६ रिग्बी (१९११) या काडतुसाची, जर्मन मॉझर ९८ च्या धर्तीची बोल्ट रायफल दूरवर जास्त अचूक असते, मॅगझिनमध्ये तीन-चार काडतुसं धरते आणि तिच्यावर दुर्बीण सहज बसते. आफ्रिकेतले कित्येक व्यावसायिक वाटाडे तीच वापरतात.

दुनळीचा जोर एकाच जागी आहे. दाट झाडीत, वीस-तीस पावलांवर, जखमी रानरेडा अंगावर येतो तेव्हा. तिथे दुसरा बार काढायला फक्त बोट एका चापावरून दुसऱ्यावर न्यायचं असतं. बोल्ट ओढावा लागत नाही, खळखळाट होत नाही, नजर माशीवरून (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून) हलत नाही. लांबीलाही ती आखूड, कारण मागे मॅगझिन आणि बोल्टची जागाच नाही. पण दोन बारांनंतर हात रिकामे. पुन्हा भरण्याचा सराव नसेल, तर तिसरा बार बोल्टवाल्याचा आधी निघतो.

दोनशे मीटरवरचं हरीण मारायला दुनळी घेऊ नका. ते तिचं कामच नाही.

७. कॅलिबर कोणतं निवडावं?

रानडुकराच्या युरोपीय हाक्यासाठी ९.३×७४आर (हे माप मिलिमीटरचं). रायफल हलकी, धक्का सोसण्यासारखा. मात्र आफ्रिकेत धोकादायक जनावरांसाठी बऱ्याच देशांत .३७५ ही किमान मर्यादा आहे, काही ठिकाणी गोळीच्या ऊर्जेचीही अट असते, आणि तिथे ९.३ अपुरी ठरू शकते. विकत घेण्याआधी त्या देशाचा नियम बघा.

रेडा आणि हत्तीसाठी पिढ्यान्‌पिढ्यांची निवड .४५०/४०० (लंडनच्या जेफ्रीची, १९०२), .४७० आणि .५००. त्यांतली .४५०/४०० माझी आवडती. ४०० ग्रेनची गोळी खोल जाते आणि रायफल साडेचार किलोत बसते. साधा माणूस ती डोळे न मिटता उडवू शकतो, हा मुद्दा कोणी जाहिरातीत लिहीत नाही. .५७७ मध्ये ७५० ग्रेनची गोळी आणि सहा किलोची रायफल, .६०० मध्ये ९०० ग्रेन आणि सात किलो. १९८८ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने १००० ग्रेनची .७०० आणली. ही हत्यारं खांद्यावरून दिवसभर वाहायची आहेत हे लक्षात ठेवा. आमच्याकडे .६०० घेऊन आलेला एक पाहुणा तिसऱ्या दिवसापासून ती नोकराच्या खांद्यावर देऊन चालायचा. रेडा दिसला तेव्हा रायफल तीस पावलं मागे होती.

८. काडतुसं मिळतात का? की रायफल नुसती भिंतीवर लावायची?

मधली काही दशकं खरंच तशी होती. इंग्लंडच्या कायनॉक कंपनीने १९६० च्या दशकात नायट्रो एक्सप्रेस (धूरविरहित दारूची मोठी) काडतुसं बनवणं थांबवलं आणि उत्तम उत्तम रायफली कवडीमोल झाल्या. १९८९ च्या सुमारास अमेरिकेच्या फेडरल कंपनीने .४७० पुन्हा आणलं. पुढे कायनॉकच्या नावाने इंग्लंडमध्ये उत्पादन परत सुरू झालं, आणि हॉर्नडी, नॉर्मा यांनीही काही कॅलिबरं घेतली.

आज वापरलेल्या रायफलीची किंमत यावरच हलते. .४७० आणि .५०० ला मागणी, कारण दुकानात डबी मिळते. तेवढ्याच ताकदीची .४७५ नंबर २ बरीच स्वस्तात जाते. शिवाय तिच्यात घोळ आहे: मूळ .४७५ नंबर २ ची गोळी ०.४८३ इंच, आणि जेफ्रीच्या रूपातली ०.४८८. नाव एकच, नळ्या दोन. नळीचं माप घेतल्याशिवाय तिचं काडतूस मागवू नका.

९. इजेक्टर हवेत का? सेफ्टी कशी असावी? एक चाप चालेल का?

इजेक्टर रिकामी टरफलं बाहेर फेकतात, भरणं झटपट होतं. काही जुने शिकारी ते नको म्हणतात, कारण टरफल उडाल्याचा टणत्कार शांत रानात दूर जातो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुढे विकायची झाली तर इजेक्टरवालीला जास्त भाव मिळतो.

सेफ्टी आपोआप लागणारी नको. बारा बोअरमध्ये बंदूक उघडली की सेफ्टी मागे येते. घाईत भरलेल्या रायफलीत तीच सवय जिवावर बेतते. क्रीगहॉफसारख्या रायफलींत सेफ्टीच नसते, त्याऐवजी अंगठ्याने पुढे रेटायचा खटका असतो. तो रेटेपर्यंत घोडे चढलेलेच नसतात, म्हणून भरलेली रायफल पडली तरी बार उडत नाही. मोठ्या कॅलिबरमध्ये तो खटका दणकट असतो. दुकानात दहा वेळा रेटून बघा, अंगठा दुखला तर घेऊ नका.

एक चाप? नको. का, ते १ मध्ये आहे.

१०. वर-खाली नळ्यांची स्वस्त मिळते. ती घ्यावी का?

युरोपातल्या डुकराच्या हाक्याला उत्तम. दुर्बीणही नीट बसते. मोठ्या जनावरासाठी मात्र खालच्या नळीत काडतूस घालायला ती बरीच जास्त मोडावी लागते, आणि घाईत तेवढा वेळ नसतो.

११. जुनी रायफल बघायला जातोय. काय तपासू?

हे मला आमच्या फुंदीने शिकवलं. स्वाहिलीत कारागिराला फुंदी म्हणतात. आमचा फुंदी सत्तरीचा, एका डोळ्याने अधू, पण कान तिखट. कोणतीही दुनळी आली की तो आधी नळ्या वेगळ्या करायचा, खालच्या आकड्याला सुतळी बांधून त्या हवेत लोंबत्या धरायचा आणि नखाने टिचकी मारायचा. नळ्या देवळातल्या घंटेसारख्या लांब वाजल्या तर मान डोलवायचा. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज किंवा गुणगुण आली, तर दोन नळ्यांमधल्या पट्टीची झाळ कुठेतरी सुटली आहे. मग जुळवणीही गेली असं समजायचं, कारण नळ्या पुन्हा झाळायच्या म्हणजे पुन्हा २ मधलं सगळं रामायण.

नंतर पुढचा लाकडी हात काढून नळ्या ॲक्शनवर (ज्या लोखंडी सांगाड्यावर त्या मिटतात त्यावर) बसवायच्या आणि उजेडाकडे धरायच्या. नळीचा मागचा भाग आणि ॲक्शनची भिंत यांत उजेडाची चीर दिसली, किंवा हातात खडखड जाणवली, तर सांधा झिजला आहे. दुरुस्त होतं, पण भावातून वजा करा.

मग नळीच्या आत. जुन्या काडतुसांच्या टोप्या (दारू पेटवणाऱ्या) गंजवणाऱ्या होत्या, आणि कॉर्डाइट दारू फार तापट. वापरानंतर नळी धुतली नसेल तर आत देवीच्या वणांसारखे खड्डे असतात. थोडे चालतात. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे, जिथे पीळ सुरू होतो, तिथेच पीळ झिजून गेला असेल तर नको.

दस्त्याला मनगटामागे केसासारखी चीर आहे का बघा, तेल पुसून. शेवटी नळ्यांच्या तळाचे शिक्के बघा. नायट्रो प्रूफचा, म्हणजे धूरविरहित दारूच्या चाचणीत टिकल्याचा, शिक्का हवाच (का, ते १३ मध्ये). शेजारी 'कॉर्डाइट ७५-५०० मॅक्स' असं काही कोरलेलं असेल. म्हणजे ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी, यावर ही रायफल जुळवली आहे. तिची जन्मपत्रिका तीच.

एवढं झाल्यावर चार बार काढू द्या म्हणावं: उजवा, डावा, नळ्या गार, पुन्हा उजवा, डावा. ५० यार्डांवर चारही भोकं तळहाताखाली झाकली तर रायफल घ्यायला हरकत नाही. नळी दगडावर किंवा वाळूच्या पोत्यावर टेकवू नका. हात मध्ये ठेवा, नाहीतर ती उसळून दोष नसताना दोष दाखवते.

१२. नळीवर 'रोड्डा, कलकत्ता' लिहिलंय. ही भारतात बनलेली आहे का?

नाही. रोड्डा ही कलकत्त्याची विक्रेती पेढी. १९१४ मध्ये हिच्याच मालातली मॉझर पिस्तुलं बंगाली क्रांतिकारकांनी पळवली, म्हणून नाव इतिहासातही आहे. रोड्डा, मँटन किंवा मुंबईत दुकान असलेली आर्मी अँड नेव्ही या पेढ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडून रायफली घेऊन आपलं नाव कोरून विकायच्या. त्यातल्या कित्येक वेब्ली अँड स्कॉटच्या ॲक्शनवरच्या आहेत. पोलादही चांगलं, कामही चांगलं. लंडनच्या नावाची रायफल तिच्या कितीतरी पट भावात जाते, पण बार काढल्यावर फरक कळेलच असं नाही. नाव हवं की रायफल, हे ठरवून बाजारात जावं.

लंडनचं नाव असेल तर नंबरावरून जुन्या वह्यांतली नोंद शुल्क घेऊन मिळते: कोणासाठी, कधी, कोणत्या कॅलिबरची बनली. मोठ्या घरांनी या वह्या जपल्या आहेत. खोटं नाव कोरलेल्या रायफली बाजारात आहेत, तेव्हा ती नोंद घ्याच.

१३. आजोबांच्या .५०० रायफलीत नवं .५०० नायट्रो एक्सप्रेस काडतूस व्यवस्थित बसतंय. मग उडवायला काय हरकत?

उडवू नका. बसतंय हाच सापळा आहे.

काळ्या दारूच्या जमान्यात .५०० ब्लॅक पावडर एक्सप्रेस नावाचं काडतूस होतं, टरफल तीन इंचांचं. धूरविरहित दारू आली तेव्हा त्याच टरफलात जास्त दाबाची दारू आणि जड गोळी भरून नायट्रो एक्सप्रेस निघालं. माप तेच, दाब कितीतरी जास्त. .४५० आणि .५७७ मध्येही अशाच जोड्या आहेत. काळ्या दारूच्या रायफलीत नायट्रो काडतूस उडवलं तर नळी फाटू शकते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो.

शिक्क्यांत नायट्रो प्रूफ नसेल, बाहेर घोडे असतील, नळ्यांवर दमास्कस पोलादाच्या, लाकडाच्या रेषांसारख्या रेषा असतील, तर ती काळ्या दारूचीच समजा. मात्र बाहेर घोडे असलेल्या काही रायफली नायट्रोसाठीही बनल्या, आणि काही बिनघोड्याच्या फक्त काळ्या दारूच्या. म्हणजे शेवटचा शब्द शिक्क्याचा.

१४. भारतातून आलेल्या जुन्या रायफलींत .४६५ आणि .४७० एवढ्या का दिसतात? .४५० का नाहीत?

१८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली आणि ती लगेच सगळीकडे पसरली. पण ब्रिटिश लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकाही .५७७/४५० च्या होत्या, आणि त्यातल्या पुष्कळ बंडखोरांच्या हाती पडल्या होत्या. .४५० च्या गोळ्या तिकडे पोचू नयेत म्हणून सरकारने १९०७ मध्ये भारत आणि सुदानमध्ये ते कॅलिबर बंद केलं. कारागिरांनी लगेच शेजारची मापं काढली: हॉलंडची .४६५, जेफ्रीची .४७५ नंबर २, आणि .४७० पुढे आली. जनावराच्या दृष्टीने यांत काहीच फरक नाही. सगळा फरक सरकारी कागदाचा.

१५. पूर्वी नेमकी असलेली रायफल आता उजवी गोळी उजवीकडे आणि डावी डावीकडे टाकते. नळ्या सुटल्या का?

आधी टिचकी मारून बघा (११). आवाज स्वच्छ असेल तर दोष काडतुसाचा. गोळी ठरलेल्यापेक्षा मंद गेली की ती नळीत जास्त वेळ राहते. तेवढ्यात नळी बाहेर फेकली जाते आणि गोळ्या फाकतात. उलट गोळी जास्त वेगाने गेली तर नळी वळायच्या आतच निघून जाते आणि उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे लागते. भोकं कशी पडली ते बघून जाणकार सांगतो वेग कमी की जास्त.

भारतासाठी जुन्या काळी कॉर्डाइट थोडं कमी भरलेली उष्ण प्रदेशाची काडतुसं मिळायची, कारण उन्हात कॉर्डाइटचा दाब वाढतो. अशा भारावर जुळवलेल्या रायफलीत आजचं पूर्ण भाराचं काडतूस घातलं तर गोळ्या हमखास एकमेकींना ओलांडतात. शिवाय आजच्या सबंध तांब्याच्या किंवा पितळेच्या कडक गोळ्या जुन्या पातळ नळीत घालू नका. पिळाचे ठसे नळीच्या बाहेरून दिसू लागलेल्या रायफली आहेत, आणि त्यांना इलाज नाही.

दुर्बीण लावल्यानेही वजन वाढतं, धक्क्याची चाल बदलते आणि जुळवणी थोडी हलू शकते. दुर्बीण लावायचीच असेल तर ती लावूनच जुळवून घ्या.

१६. एका चापावर दोन्ही बार उडाले! रायफल परत करू का?

लगेच नाही. आमच्या तळावर .५०० च्या बाबतीत हेच झालं. पाहुणा बसल्या जागी मागे कोलमडला, खांद्यापासून कोपरापर्यंत जांभळा. कारखान्याला खरमरीत पत्र लिहायला तो बसलाही होता. फुंदीने विचारलं, बोटं कुठे होती? एक बोट पुढच्या चापावर, दुसरं मागच्यावर, तयारीत. पहिल्या बाराच्या धक्क्यात मागच्या चापावरचं बोटही नकळत दाबलं गेलं. पत्र पाठवलं गेलं नाही.

म्हणून एका वेळी एकच बोट आत. तरीही दोन्ही उडत असतील, तर एकाच नळीत काडतूस आणि दुसरीत रिकामं टरफल घालून बघा. बारानंतर रिकाम्या बाजूचा घोडाही पडला, तर आतला खटका झिजलाय किंवा चाप फार हलका केलाय. अशी रायफल कारागिराकडे जाईपर्यंत कोणाच्या हाती देऊ नका.

१७. वाड्यात सापडलेली दुनळी विकली तर लाखो पौंड मिळतील का? आणि ती इथे वापरता येईल का?

वापराचं आधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात शिकारीला बंदी आहे. ही रायफल आता शिकारीची नाही. परवान्याशिवाय घरात ठेवणंही शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती आजोबांची असो की पणजोबांची. पेटी सापडली तर आधी पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जा. मूळ परवानाधारक वारले असतील तर वारसाला आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि वारशाची हत्यारंही त्या दोनांतच मोजली जातात.

किमतीचं: लंडनच्या लिलावात अशा रायफलींना मोठे भाव येतात, हे खरं. पण तुमची रायफल लंडनमध्ये नाही. इथे ती दुसऱ्या परवानाधारकालाच विकता येते. त्याला काडतुसं मिळत नाहीत आणि शिकारीला परवानगी नाही. म्हणून भाव पडेल असतो. एका गृहस्थांनी लिलावाच्या यादीतलं पान मला पाठवून 'आमची हुबेहूब हीच' असं लिहिलं. फोटो मागवला. नायट्रो प्रूफ नव्हता, झाळ सुटलेली, आणि एका नळीत मुंगीने घर केलेलं.

१८. पैशांची अडचण नसती तर तुम्ही स्वतः कोणती घेतली असती?

मी शिकारी नाही हे वर सांगितलंच. पण वहीतल्या सगळ्या नोंदींत एक आहे, जिच्यापाशी मी थांबतो. .४५०/४००, तीन इंची, जुनी इंग्लिश बॉक्सलॉक. नक्षी नाही, लॉकवर फक्त कारागिराचं नाव, इजेक्टर नाहीत. दस्त्याचं लाकूड तळहाताने काळं पडलेलं. पेटीच्या झाकणात आतून तिचा मूळ नेमाचा कागद डकवलेला होता, पिवळा पडलेला, त्यावर चार भोकं. मालक केनियात वाढलेला म्हातारा. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केल्यावर तो ती घेऊन टांझानियात यायचा. त्याने तळावर बार काढून दाखवले, आणि फुंदीने नवा कागद आणून जुन्यावर धरला.

विम्याच्या रकान्यात त्याने लिहायला सांगितलेला आकडा शेजारच्या लंडनच्या साइडलॉकच्या दहाव्या हिश्शाचाही नव्हता. मी म्हटलं, कमी लिहिताय. तो म्हणाला, हरवली तर पैसे घेऊन काय करू.